डेसिबल काढताना 10 ने गुणावे की 20 ने?

डेसिबल हे दोन पातळ्यांचे गुणोत्तर लॉगने सांगणारे एकक. अँप्लिफायरचे आउटपुट दुप्पट झाले म्हणजे 3 डेसिबल वाढले की 6, असा पेच पडलेल्याने आधी दुप्पट नेमके काय झाले ते पाहावे. वॉटच्या (म्हणजे शक्तीच्या) गुणोत्तराचा 10 पायाचा लॉग 10 ने गुणतात, व्होल्टच्या गुणोत्तराचा 20 ने. कारण रोध (रेझिस्टन्स) तोच असताना शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 8 ओहमच्या भारावर 4 व्होल्टचे 8 व्होल्ट झाले की 2 वॉटचे 8 वॉट होतात, आणि दोन्ही सूत्रे सुमारे 6 डेसिबलच सांगतात.

मोजायला व्होल्टेज सोपे. शक्तीसाठी रोधही ठाऊक असावा लागतो. मात्र इनपुट आणि आउटपुटकडचे रोध वेगळे असतील, तर निव्वळ व्होल्टेजवरून शक्तीतली वाढ सांगणे सरळ चूक आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. मिक्सर किंवा प्रीअँपची (क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या अँप्लिफायरची) सिग्नल पातळी तपासणाऱ्याने 20 चे सूत्र वापरावे, स्पीकरसाठी वॉटची तुलना करणाऱ्याने 10 चे.