बेळगावची तांबडी माती आणि पांढरे स्नीकर्स: एक पावसाळा व एक उन्हाळा घरी सफाई केल्यानंतर

फेस येणारे द्रावण, मऊ, मध्यम व कडक असे तीन ब्रश आणि एक मायक्रोफायबर कापड असा स्नीकर्स स्वच्छ करण्याचा संच मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मागवला. तो घरातल्या सगळ्यांच्या बुटांवर पुढचा उन्हाळा संपेपर्यंत नियमित वापरला. आम्ही अनगोळ भागात राहतो, मुलांचे मैदान मातीचे आहे आणि माझे जाणे-येणे खानापूरकडच्या गावांत असते. त्यामुळे या संचाची परीक्षा शहरातल्या फरशीवर झालेली नाही. ज्यांचे बूट बहुतेक डांबरी रस्त्यावर चालतात त्यांच्यापेक्षा माझे मत थोडे वेगळे असण्याची शक्यता आहे. संचाच्या जाहिरातीत सारा भर बाटलीतल्या द्रावणावर असतो. आमच्या भागात मात्र बूट वाचतो की जातो हे ठरते ते माती ओळखण्यावर आणि बूट वाळवण्यावर. बाटलीचा क्रमांक बराच नंतर लागतो.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या जांभ्याच्या पट्ट्यात माती तांबडी असते, कारण लाखो वर्षांच्या पावसाने त्यातली सिलिका वाहून जाऊन लोह व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आहेत. बुटावर जो तांबूस डाग पडतो तो साध्या धुळीचा नसून अतिसूक्ष्म चिकणमाती आणि लोहाचे ऑक्साइड यांचा असतो. ओल्या चिखलावर ब्रश चालवला की हे कण जाळीच्या धाग्यांत आणखी खोल ढकलले जातात आणि पाण्याबरोबर पसरून आधी स्वच्छ असलेला भागही गुलाबी करून टाकतात. म्हणून घरी आल्याबरोबर नळाखाली बूट धरण्याची आपली सवय येथे अगदी उलट परिणाम करते. चिखल पूर्ण वाळू द्यावा, दोन बूट तळव्याला तळवा लावून आपटावेत, खाचांतली माती बांबूच्या काडीने काढावी, मग कोरड्या मध्यम ब्रशाने वरचा थर झाडावा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावावा. एवढ्या कोरड्या कामात निम्म्याहून अधिक माती निघून जाते, असे मला प्रत्येक खेपेस दिसले. आषाढात चार-चार दिवस ऊन पडत नाही तेव्हा चिखल वाळायलाही वेळ लागतो. तरीही थांबणेच फायद्याचे ठरले.

अथणी, गोकाक, सौंदत्ती या पूर्वेकडच्या काळ्या मातीचा स्वभाव निराळा आहे. ती ओली असताना फुगते आणि तळव्याला अशी चिकटते की पाय जड होतो, पण वाळल्यावर तिच्या खपल्या निघतात आणि मागे राहणारा राखाडी डाग साध्या फेसाने जातो. तिकडच्या पाहुण्यांनी हाच संच वापरून त्याची वारेमाप स्तुती केली, ती त्यांच्यापुरती खरीच आहे.

तांबड्या डागावर लोक पहिली चूक करतात ती पांढऱ्या कपड्यांचे क्लोरीन ब्लीच ओतण्याची. त्यातले सोडियम हायपोक्लोराइट लोहाचा रंग काढत नाही, उलट पाण्यात विरघळलेले लोह ऑक्सिडाइज करून पिवळसर छटा पक्की करू शकते. शिवाय नायलॉन आणि स्पँडेक्सचे धागे त्याने पिवळे व कमकुवत होतात, आणि आजच्या बहुतेक जाळीदार बुटांत यांपैकी काही ना काही असतेच. ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे व्हॅनिशसारख्या पावडरीत असणारे सोडियम परकार्बोनेट, घाम, चहा, गवत यांच्या डागांवर चांगले काम करते. पांढऱ्या लेस कोमट पाण्यात त्या पावडरीत भिजत घातल्या की खरोखर नव्यासारख्या दिसतात. लोहाला मात्र आम्ल लागते. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक अॅसिड चहाचा एक चमचा घेऊन पेलाभर कोमट पाण्यात विरघळवावे, मऊ ब्रशाने डागावर लावावे, दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. लोहाचे कण त्यात हळूहळू सुटतात. डाग पूर्ण गेला असे क्वचितच घडले. तांबूस रंग फिकट बदामी होतो आणि चार हात लांबून दिसेनासा होतो, इतकीच अपेक्षा ठेवावी. सायट्रिक अॅसिड व क्लोरीन ब्लीच एकाच बुटावर, एकाच बादलीत कधीही येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ऑक्झॅलिक अॅसिड याहून जोरकस आहे हे खरे, पण ते पोटात गेल्यास घातक असल्याने लहान मुले असलेल्या घरात मी ते आणलेच नाही.

आता संचातल्या वस्तूंविषयी. द्रावण सौम्य आहे, त्याला उग्र वास नाही आणि त्याने रंग उतरल्याचे कोठेही दिसले नाही. त्याचा खरा गुण असा की फेसामुळे थोड्या पाण्यात काम होते आणि बूट आतपर्यंत भिजत नाही. परंतु वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकून ते ढवळले आणि नुसता फेस ब्रशावर घेतला तर कॅनव्हास व जाळीवर मला फरक ओळखता आला नाही. गुळगुळीत चामड्यावर मी अजूनही संचातलेच द्रावण वापरतो, कारण साबणाने चामडे कोरडे पडते. बाटलीचा पंप पावसाळ्यातच अडकू लागला. कंपनीला कळवल्यावर उत्तर आले ते नवीन बाटलीवर सवलत देणारे. ब्रश मात्र पैसे वसूल करणारे निघाले. विशेषतः मऊ केसांचा ब्रश जाळी न विस्कटता धाग्यांतली माती उचलतो, जे काम जुन्या टूथब्रशाने होत नाही. कडक ब्रश फक्त रबरी तळव्यासाठी आहे, हे वेष्टनावर अधिक ठळकपणे लिहायला हवे होते. रबराच्या कडेवरचे काळे ओरखडे मेलामाइन फोमच्या पांढऱ्या स्पंजाने सहज निघतात; तो स्पंज म्हणजे अत्यंत बारीक पॉलिश पेपरच असल्याने तो चामड्याच्या चकाकीवर किंवा छापील चिन्हावर फिरवू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याची युक्ती जी सर्वत्र फिरते, तिच्यातले बुडबुडे पाहायला छान वाटतात, पण दोन्ही पदार्थ एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात आणि वाळल्यावर बुटावर पांढरी भुकटी उरते. शाळेच्या पीटीच्या बुटांना लावायचे पांढरे पॉलिश हाही सफाईचा प्रकार नव्हे. कॅनव्हासवर ते खपून जाते, जाळीवर दोन दिवसांत भेगाळते.

वाळवण्याचा भाग सर्वांत जिकिरीचा आहे आणि त्याविषयी संचाच्या माहितीपत्रकात एक ओळ सोडून काही नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की ओला बूट दोन दिवस नुसता ठेवला तर त्याला कुबट वास सुटतो आणि तिसऱ्या दिवशी आतल्या अस्तरावर बुरशीचे ठिपके दिसू लागतात. पायतावा (बुटातला सुटा आतला तळ) आणि लेस नेहमी वेगळ्या काढून वाळवाव्यात. बुटात कोरा कागद कोंबावा आणि ओला झाला की बदलावा. वर्तमानपत्राची शाई ओल्या पांढऱ्या अस्तराला लागते. मग बुटाचे तोंड टेबल फॅनकडे करून रात्रभर वारा द्यावा. चुलीजवळ, गीझरवर किंवा हेअर ड्रायरखाली बूट वाळवणारे लोक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत आणि तळवा सुटल्याची तक्रारही तेच करतात, कारण कारखान्यात लावलेला गोंद उष्णतेने मऊ होतो.

वाळताना पांढऱ्या कापडावर पिवळट कडा उमटतात, तो प्रकार वेगळा. पाणी जिथून उडून जाते तिथे उरलेला साबण व मळ येऊन साचतो. यावर साधा टिश्यू पेपर उत्तम चालतो. धुतलेला बूट ओला असतानाच त्यावर टिश्यूचे दोन-तीन थर घट्ट चिकटवून सावलीत ठेवले की मळ कागदावर उतरतो आणि कापड पांढरे राहते. बोअरवेलच्या पाण्याने शेवटचे खळबळणे टाळलेले बरे, कारण जड पाण्यातले क्षार पांढऱ्या चट्ट्यांच्या रूपाने उरतात. राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी आमच्याकडे ठरावीक दिवशीच येते, म्हणून पावसाळ्यात मी पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी बादलीत धरून तेच शेवटच्या हाताला वापरले आणि चट्टे पडणे थांबले.

पिवळे पडलेले तळवे पूर्ववत करण्याचा प्रयोग उन्हाळ्यासाठी राखून ठेवला होता. हा पिवळेपणा मळ नसतो. ऊन आणि हवा यांमुळे रबर, पॉलियुरेथेन व गोंद यांच्यात होणाऱ्या ऑक्सिडेशनचा तो परिणाम असतो, म्हणून कितीही घासले तरी जात नाही. केस रंगवण्याच्या सामानाच्या दुकानात क्रीम डेव्हलपर मिळतो, ज्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असते: 20 व्हॉल्यूममध्ये 6 टक्के, 30 मध्ये 9 टक्के आणि 40 मध्ये 12 टक्के. मी 30 व्हॉल्यूमचा घेतला. वरच्या कापडाला चिकटपट्टी लावून झाकावे, हातमोजे घालून तळव्याच्या कडेला क्रीमचा जाड थर द्यावा, त्यावर क्लिंग फिल्म गुंडाळावी आणि बूट गच्चीवर उन्हात ठेवावा. क्रीम वाळले तर डागाळ पट्टे उमटतात, म्हणून अधूनमधून पाहावे आणि बूट फिरवावा. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत स्पष्ट फरक पडला. श्रावणात ढगांआडच्या उजेडावर हे करण्यात अर्थ नाही, कारण पेरॉक्साइडला अतिनील किरणांची जोड लागते. हा पांढरेपणा कायमचा नाही. पहिल्या जोडाच्या टाचेपाशी पुन्हा हस्तिदंती छटा दिसू लागली आहे, आणि त्याच तळव्यावर वारंवार पेरॉक्साइड लावावे असे मला वाटत नाही.

स्वेडच्या, म्हणजे मखमली लवेच्या चामड्याच्या, बुटांसाठी हा संच घेऊ नये. स्वेडला पाणी टाळून रबरी खोडरबर आणि स्वेडचा वेगळा ब्रश लागतो, आणि तांबडी माती त्यात एकदा मुरली की घरी फारसे काही करता येत नाही.

सुटलेल्या तळव्याची दुरुस्ती काही अंशी घरी जमते. फेव्हिकॉल एसआर हा सिंथेटिक रबराचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे आणि मग जोरात दाबायचे. ओला असतानाच दाबला तर तो धरत नाही. जुना गोंद पॉलिश पेपरने खरवडून काढणे आणि खाचेत तांबड्या मातीचा कणही न ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे. पुढच्या बोटांपाशी, जिथे बूट प्रत्येक पावलाला वाकतो, तिथे मात्र गोंद टिकला नाही. तो जोड खडेबाजारात फुटपाथवर बसणाऱ्या मामांकडे नेला तेव्हा त्यांनी तळवा दाबून पाहिला आणि म्हणाले, “ह्येला चिकटवून काय उपयोग न्हाई, शिवायलाच पायजे.” त्यांनी कडेने जाड दोऱ्याची शिवण घातली, ती सगळा पावसाळा टिकली. घरातला आणखी एक जुना जोड, बरीच वर्षे खोक्यात ठेवलेला, त्यांनी न शिवताच परत दिला. पॉलियुरेथेनचा मधला थर दमट हवेत पाण्याशी प्रक्रिया होऊन आतून विरघळत जातो आणि बोटाने दाबला की भुगा पडतो. अशा तळव्यात सुईचा टाकाही धरत नाही. बूट वरून कितीही चांगला दिसत असला तरी सफाईला बसण्याआधी हा थर अंगठ्याने दाबून पाहावा. भुगा पडला तर द्रावण, क्रीम आणि गोंद यांवर खर्च करू नये.