पत्रिकेच्या दुकानात आठ महिने: 24 इंची सपाट मॉनिटर

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून द्यायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, अधूनमधून फ्लेक्स. आठ महिन्यांपूर्वी आयपीएस पॅनलचा (कडेनं बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा) फुल एचडी मॉनिटर घेतला, साडेनऊ हजाराला. रोज दहा तास त्याच्यासमोर बसून झाल्यावर लिहितोय.

आधीचा साडेअठरा इंचीही सपाटच होता, पण टीएन पॅनलचा, म्हणजे बघायचा कोन बदलला की रंग बदलणारा. त्यानं दुकानात किती वाद लावले त्याला गणती नाही. पत्रिका बघायला कुणी एकटं येत नाही. मुलीचे वडील खुर्चीत, मामा मागं उभे, मावशी बाजूनं वाकलेल्या. वडिलांना जो लाल कुंकवासारखा दिसायचा, तोच उभ्या मामांना धुतल्यासारखा फिका. "जरा गडद करा की ओ." "गडदच आहे, मामा!" मग मामांना खुर्चीत बसवायचं आणि वडिलांना उठवायचं. आता ते नाटक बंद झालं. खोक्यावर 178 अंश लिहिलेलं असतं; तेवढ्या कडेनं कोण बघतंय, पण चार माणसांना एकच लाल दिसतो, मला तेवढं पुरे.

घेताना भाचा मागं लागला होता, "मामा, कर्व्हड घ्या, नाद खुळा दिसतो." त्याच्याकडं जाऊन बघितला. गेमला झकास असेल, पण कोरलमध्ये (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) पत्रिकेची बॉर्डर काढली तर वरची रेघ कमान केल्यासारखी वाटायची. जुन्या काचेच्या नळीवाल्या मॉनिटरवर मी कित्येक वर्षं हेच सोसलं होतं. कोपऱ्यात चौकट आत ओढली जायची आणि मेनूत जाऊन ती सरळ करत बसायचं. आता पदरचे पैसे घालून वाकडा पडदा कशाला आणू?

सगळ्यात आवडलेली गोष्ट खरेदी करताना डोक्यातही नव्हती. पडद्याचा कर्ण 23.8 इंच, म्हणजे उंची साधारण 29.6 सेंमी. ए4 कागद 29.7. एक दिवस सहज कोरा कागद पडद्याला लावला तर वरपासून खालपर्यंत बसला, वर केसभर उरला. रुंदीत असे दोन कागद शेजारी शेजारी मावतात, वर दहा सेंमी जागा टूलबारला राहते. झूम नीट धरलं की पान पडद्यावर खऱ्या मापात दिसतं. गिऱ्हाईक छापलेलं कार्ड पडद्याला चिकटवून अक्षराचा आकार ताडून बघतं. फुगीर काचेवर हे जमलं नसतं.

श्रीलिपीतली (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) अक्षरंही स्वच्छ दिसतात. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळं प्रूफातल्या चुका छापायच्या आधीच सापडतात.

विजेचं थोडक्यात सांगतो. नळीवाला 70-80 वॉट खायचा, हा वीसेक. दहा तासांत अर्धा युनिट वाचतो. पावसाळ्यात लाइट गेली की यूपीएसवर फाइल सेव्ह करून चहा सांगण्याइतका वेळ मिळतो. आणि पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर, 2005 च्या पुरात आमचा 17 इंची नळीवाला धूड वरच्या मजल्यावर न्यायला दोघं लागले, जिन्यात एकाचं बोट चेंगरलं. 2019 ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा मी दोन सपाट मॉनिटर दोन बगलांत मारून एका फेरीत वर गेलो.

आता तक्रारी. स्टँड फक्त मागंपुढं कलतो, वरखाली होत नाही. मान दुखायला लागली म्हणून खाली कागदाची दोन रिमं घातली, दहा सेंमी उंची मिळाली. गर्दीच्या दिवसांत आमचा ऑपरेटर त्यातलंच एक ओढून प्रिंटरला लावतो आणि मॉनिटर मान टाकतो. काळा पडदा असताना कोपऱ्यात पांढुरकी झाकही दिसते. आमचं काम पांढऱ्या पानावर, म्हणून चालून जातं.

आणि तो ठिपका. उजवीकडं वर एक पिक्सेल मेलेला आहे. आठवडाभर मी धूळ समजून पुसत होतो. मग एक बाई म्हणाल्या, "नवरदेवाच्या नावावर अनुस्वार जास्तीचा पडलाय." मी पान सरकवलं. नाव सरकलं, अनुस्वार जागेवरच! दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, एका ठिपक्याला बदलून मिळत नाही, धोरण आहे. हे धोरण पैसे घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

छपाईवाल्यांसाठी एक सूचना: खोक्यातून काढल्यावर ब्राइटनेस फार चढा असतो. मी तो निम्म्याच्या खाली आणलाय. तरी पडद्यावरचा झगझगीत भगवा चार शाईंच्या छपाईत तसाच उतरत नाही, कारण पडदा उजेडानं रंग दाखवतो आणि कागद शाईनं. चांगल्या पॅनलनंही हा फरक मिटत नाही, म्हणून भगव्याचा एक छापील नमुना मी मॉनिटरशेजारीच चिकटवून ठेवलाय.

दिवाळीनंतर दुसऱ्या टेबलालाही हाच घेणार आहे. फक्त यावेळी दुकानात पूर्ण पांढरं पान उघडायला लावून, कोपरान् कोपरा बघूनच पैसे मोजीन.