बारा हजार लिटरचा पंप आणि आत डकवलेला पंखा

सांगली, मिरज, साताऱ्यातल्या फिश टँकवाल्यांमध्ये सध्या एक ‘मॉडिफाय केलेला वेव्हमेकर’, म्हणजे टाकीतलं पाणी खेळतं ठेवणारा पंप, विकला जातोय. काळी बॉडी, पुढे जाळी, आत तीन पात्यांचा पंखा आणि वर चकचकीत स्टिकर : १२,००० लिटर प्रति तास, ३ वॅट. किंमत २,४०० रुपये. विश्रामबाग आणि मिरजेतल्या टाक्यांत बसवलेले असे तीन पंप आम्ही उघडून पाहिले. तिन्हींच्या पोटात एकच माल निघाला : सहाशे रुपयांच्या आसपास मिळणारा साधा पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालवायचा छोटा पंप) आणि त्याच्या कापलेल्या इम्पेलरवर, म्हणजे पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या भागावर, गमने डकवलेला पंखा. पैसे यूपीआयवर घेतले, बिल दिलं नाही आणि तक्रार गेल्यावर ‘तुमचं पाणी क्षारांचं आहे’ म्हणून हात झटकले.

पॉवरहेडला पंखा लावणं ही मुळात लबाडी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेतले समुद्री टाक्या ठेवणारे मॅक्सी-जेट नावाच्या पॉवरहेडना असे पंखे लावत आलेत आणि त्यामागचा विचार पक्का आहे. मूळ इम्पेलर पाणी बाजूला भिरकावतो, ते बारीक नळीतून जोरात बाहेर पडतं. दाब मिळतो, पण पाणी थोडं. पंखा दाब देत नाही, मात्र तेवढ्याच मोटरवर कितीतरी जास्त पाणी रुंद आणि मऊ प्रवाहात ढकलतो. झाडं लावलेल्या टाकीला हेच हवं असतं. लबाडी आहे ती आकड्यात, आणि न केलेल्या कामात.

आधी आकडा. हे पंप सिंक्रोनस मोटरवर, म्हणजे विजेच्या हर्ट्झने ठरलेल्या वेगानेच फिरणाऱ्या मोटरवर चालतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर असा दोन ध्रुवांचा रोटर (मोटरचा फिरणारा, चुंबकाचा भाग) मिनिटाला ३,००० फेरे घेतो, ना कमी ना जास्त. त्यामुळे ‘आरपीएम वाढवलाय’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. उघडलेल्या पंपातला पंखा ४० मिलिमीटर व्यासाचा होता आणि त्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो पाणी जेवढं पुढे नेईल ते अंतर, सुमारे २५ मिलिमीटर. सेकंदाला ५० फेरे धरले की १.२५ मीटर वेग येतो. त्याला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणा. तासाला जेमतेम ५,६०० लिटर होतात, तेही मधल्या हबने, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या गाभ्याने, अडवलेली जागा वजा न करता आणि पाणी अजिबात घसरत नाही असं मानून. घसरण तर होतेच. १२,००० कुठून आणायचे?

तीन वॅटचा दावा घरबसल्या तपासता येतो. विजेच्या मीटरवर ‘३२०० इम्प’, म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुकी, लिहिलेलं असेल, तर घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त पंप चालू ठेवा आणि लुकलुकणारा लाल दिवा पाहा. खरोखर ३ वॅट असतील तर दोन लुकलुकींत सव्वासहा मिनिटं जातील. या पंपांवर दिवा साधारण एका मिनिटाने लागत होता, म्हणजे १८ वॅट. हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून सोलला, तर खाली मूळ कंपनीची पट्टी तशीच होती : १८ वॅट, ८०० लिटर.

खरा घोळ मात्र आत आहे, आणि मासे त्यानेच जातात. या मोटरला सुरू होताना ठरलेली दिशा नसते. कधी उजवी, कधी डावी. मूळ इम्पेलरची पाती सरळ असल्याने त्याला फरक पडत नाही. पंख्याची पाती तिरपी, त्यामुळे उलट फिरला की पुढे ढकलण्याऐवजी पाणी मोटरकडे खेचतो. उन्हाळ्यात दिवसातून चारदा लाइट गेली, तर चार वेळा हा जुगार. म्हणून नीट बनवलेल्या पंपात हबवर एक छोटी जीभ असते. उलट फिरताच ती बॉडीवरच्या अडणीवर आपटते आणि रोटर मागे उसळून सुलट दिशेने सुरू होतो. या तिन्ही पंपांत तसं काहीच नव्हतं.

याहून मोठी चूक मोकळीक न ठेवण्याची. रोटरचं चुंबक आणि इम्पेलर यांच्यात मुळात सुमारे अर्ध्या फेऱ्याची मोकळीक ठेवलेली असते. ती दोष नाही. ५० हर्ट्झवर चुंबकीय क्षेत्राची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते, त्यामुळे चुंबकाला आधी मोकळं डुलून वेग पकडावा लागतो, मगच पाण्याचं ओझं त्याच्यावर यायला हवं. या लोकांनी पंखा, हब, चुंबक सगळं गमने एकजीव केलं. मग लाइट आली की पंप नुसता घुंई घुंई करतो, फिरत नाही, मोटरमधलं तारेचं वाइंडिंग तापत राहतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे टाकीचं पाणी आधीच कोमट, त्यात प्रवाह बंद. रात्री हे झालं तर सकाळी गोल्डफिश वर तरंगताना दिसतात.

विकत घेण्यापूर्वी रोटर बाहेर काढायला सांगा. एका हातात चुंबक धरा, दुसऱ्याने पंखा फिरवा. थोडा मोकळा फिरून अडला तर ठीक. लगेच अडला तर परत द्या. दाखवायलाच नकार दिला तरीही घेऊ नका.

एका पंपात पंखा खेळण्यातल्या बोटीचा, पितळी होता. पितळेत तांबं असतं आणि तांबं श्रिंप व गोगलगायींना विष आहे. दुसऱ्यात एक पातं जड होतं, त्या थरथरीने सिरॅमिक शाफ्टला चीर पडली होती. पंखा प्लॅस्टिकचाच हवा. शाफ्टवर हलकेच फिरवून सोडल्यावर दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबलं, तर ते पॉलिश पेपरने घासून हलकं करायचं. पातं आणि पंख्याभोवतीचा पिंजरा यांत दीड-दोन मिलिमीटर जागा हवी, आणि जाळीची फट ३ मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर फायटर माशाची शेपटी आत ओढली जाते. गम लावल्यावर २४ तास सुकू द्यायचा, हे तर सांगायलाही नको. पंख्याचा मागे बसणारा धक्का पंप काचेला चिकटवणारे जुने छोटे सक्शन कप पेलत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त भीती वाटली ती वायर पाहून. लांबी वाढवायला दिलेला जोड टेपने गुंडाळून पाण्याखालीच ठेवला होता. पिंजऱ्याच्या स्क्रूसाठी बॉडीला भोक पाडताना मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं इपॉक्सीचं आवरणही तडकलं होतं. अशा टाकीत हात घालणं जिवावरचं आहे. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून आजच बसवून घ्या.

पैसे गेले असतील तर यूपीआयची पावती, स्टिकरचा आणि त्याखालच्या पट्टीचा फोटो, विक्रेत्याचे मेसेज जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

पंप टाकीत असेल तर आधी प्लग काढा, मग हात घाला. वायर अखंड आणि इपॉक्सी शाबूत असेल, तर त्याच मॉडेलचा नवा रोटर-इम्पेलर बसवून तो ८०० लिटरचा साधा पंप म्हणून वापरता येतो. वायरला जोड असेल तर तोही वापरू नका.