कान मोठे, पण डोकं कुठे? बाजूच्या धडकेसाठी मुलांच्या कार सीटची तुलना

भाचा सव्वा वर्षाचा झाला, तान्हेपणीची टोपलीसारखी सीट त्याला पुरेना, आणि पुढची सीट निवडायचं काम ताईने माझ्या गळ्यात टाकलं. तिची अट एकच. "बाजूने धडक बसली तरी पोराला काही व्हायला नको." दुकानात गेलो तर प्रत्येक खोक्यावर 'साइड इम्पॅक्ट प्रोटेक्शन' छापलेलं. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर तुलना करायची तरी कशाची?

आधी धडक समजून घेतली. समोरून धडक बसली तर मुलाच्या पुढे बॉनेट, इंजिन असा चेपला जाणारा लांबलचक भाग असतो. बाजूला फक्त दार. ते पापणी लवायच्या आत आत घुसतं. त्यात लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. म्हणजे सीटला दोन कामं करायची असतात: दाराचा धक्का कवचात जिरवायचा आणि डोकं आतल्या आत धरून ठेवायचं. जाहिरात होते ती पहिल्या कामाची. जाड फोम, बाहेर आलेले ठोकळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना हत्तीसारखे कान. पण निवड करताना मी दुसऱ्या कामाला जास्त वजन दिलं.

कारण बाजूची धडक अगदी काटकोनात क्वचितच बसते. आपली गाडी पुढे जात असते, बहुतेकदा ब्रेकही दाबलेला असतो. त्यामुळे मुलाचं डोकं नुसतं दाराकडे जात नाही, तिरकं पुढे जातं. सीट सुलटी, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे तोंड करून असेल, तर डोकं त्या मोठ्या कानांच्या पुढे निसटू शकतं. सीट उलटी असेल तर तेच डोकं पाठीच्या कवचात आणखी रुततं आणि कानांच्या मध्येच राहतं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न ठरला: पोर किती दिवस उलटं बसू शकेल?

दुसरा प्रश्न स्टिकरचा. युरोपीय मान्यता असलेल्या सीटवर नारिंगी स्टिकर असतं. त्यावर आर ४४, म्हणजे जुना युरोपीय नियम, असेल तर सीट वजनाच्या गटांप्रमाणे तपासलेली आहे आणि त्या नियमात बाजूच्या धडकेची चाचणीच नाही. अशा खोक्यावरचं 'साइड प्रोटेक्शन' हा कंपनीचा स्वतःचा दावा. तो खोटाच असेल असं नाही, पण मान्यता देणाऱ्याने तो पारखलेला नाही. २०१३ पासून लागू झालेला नवा नियम, आर १२९, मुलाची उंची धरून चालतो. त्यात १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे आणि बाजूच्या धडकेची चाचणीही आहे: सीटमध्ये बाहुला बसवतात आणि दारासारखी पाटी ताशी साधारण २५ किलोमीटर वेगाने आत येते. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या नव्या सीट दुकानात विकता येत नाहीत. अमेरिकेने बाजूच्या धडकेचा वेगळा नियम २०२२ मध्ये आणला. त्यात ताशी ४८ किलोमीटरच्या टकरीची नक्कल आहे. हे दोन आकडे एका तराजूत घालू नका, मोजायची पद्धतच वेगळी आहे.

आर १२९ ची चाळणी लावल्यावर माझ्यापुढे तीन प्रकार उरले.

पहिला, 'एकदा घ्या, बारा वर्षं वापरा' छापाचा, ७६ ते १५० सेंटिमीटर. खिशाला बरा, म्हणून मोह मोठा. पण यातल्या बहुतेक सीट फक्त सुलट्याच बसतात. म्हणजे पंधरा महिने भरले रे भरले की पोराला पुढे वळवायचं. शिवाय सीट मोठ्या मुलालाही पुरायची असते, त्यामुळे छोट्याच्या डोक्याभोवती जागा उरते. ताईच्या मैत्रिणीकडची अशीच एक सीट आम्ही गाडीत बसवून पाहिली. वीस मिनिटांत भाचा झोपला. हनुवटी छातीला टेकली, डोकं पुढे लोंबलं. मी त्याची कानशिलं आणि सीटचा कान यांच्यात आडवा हात धरून पाहिला: कपाळ कानाच्या कडेपासून चार बोटं पुढे. तो फोम कितीही महागाचा असो, डोकं त्याच्यासमोर नव्हतंच. सीट आणखी मागे कलली असती तर चाललं असतं, पण या प्रकाराला कल जेमतेम असतो.

दुसरा, फिरणारी सीट. आयसोफिक्सने, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना अडकवून, तळ पक्का, वर सीट गोल फिरते, आणि साधारण १०५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे चारेक वर्षांपर्यंत, उलटं बसवता येतं. दाराकडे वळवायची, पोराला बसवायचं, पट्टे आवळायचे, परत उलटी करायची. कंबर दुखणाऱ्या माणसाला हे वरदान. खोट आहे ती वजनात. अंगचेच पट्टे असलेल्या आयसोफिक्स सीटला नियम असा की सीट आणि मूल मिळून ३३ किलोच्या वर जायचं नाही. सीटच १४ किलोची असेल तर मुलाला १९ च उरतात. अंगाने भरलेलं पोर १०५ सेंटिमीटर व्हायच्या आधीच वजनात बाद होऊ शकतं. खोक्यावरची उंची सगळे वाचतात, ही वजाबाकी कोणी करत नाही.

तिसरा, मोठ्या वयापर्यंत उलटी राहणारी, गाडीच्याच सीटबेल्टने बांधायची. यात ३३ किलोची अट नाही. काही सीट १२५ सेंटिमीटर आणि ३६ किलोपर्यंत जातात. डोकं आत राहण्याच्या हिशेबात हीच सर्वांत उजवी. पण बांधायला किचकट, पुढच्या सीटची जागा खाते, आणि ढिली बांधली तर सगळं मुसळ केरात. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. आणखी एक, या सीटवर स्वीडनच्या 'प्लस टेस्ट'चं चिन्ह दिसतं. चाचणी कडक आहे, पण ती समोरच्या धडकेत मानेवर येणारा ताण मोजते. बाजूच्या धडकेची हमी समजून त्याचे जास्तीचे पैसे मोजू नका.

आता ते बाहेर येणारे ठोकळे. सायबेक्स त्याला एलएसपी म्हणते, ब्रिटॅक्स रोमर एसआयसीटी. दाराचा धक्का डोक्यापर्यंत पोचण्याआधीच कवचाकडे वळवायचा, ही कल्पना चांगली आहे. उघडायचा तो दाराच्या बाजूचाच. दोन सारख्या सीटमध्ये एकीला ठोकळा असेल तर तीच घ्या. पण ठोकळ्यासाठी सुलटी सीट पसंत करणं म्हणजे छत्री भारी म्हणून घराचं छप्पर काढणं. मागच्या मधल्या जागेत सीट बसवली तर ठोकळ्याची गरजच उरत नाही, दोन्ही दारं लांब. अडचण अशी की तिथे आयसोफिक्स बहुधा नसतो. मध्ये डुगडुगणाऱ्या सीटपेक्षा कडेला घट्ट बसलेली बरी.

थोडं पुढच्या वयाचं. बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी सीट, घ्याल तेव्हा पाठ आणि कान असलेलाच घ्या. नुसती गादी मुलाला उंच करते, पट्टा नीट बसवते, पण डोक्याच्या बाजूला काहीच ठेवत नाही. आर १२९ सुद्धा तिला १२५ सेंटिमीटरनंतरच परवानगी देतो. आणि मूल वाढेल तसा डोक्याचा भाग वर सरकवत राहा. कान खांद्याशी आणि डोकं वर उघडं, असं चित्र मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

सेकंडहँड सीट मी विचारातच घेतली नाही. आतला फोम तडकलेला असेल तर कापडावरून कळत नाही.

माझं मत तिसऱ्या प्रकाराला होतं. पण भाच्याला पाळणाघरातून रोज आणते त्याची आजी. तिला वाकून, गाडीत अर्धं शिरून पट्टे आवळायला लावले तर चौथ्या दिवशी ते ढिले राहणार. मग दुसऱ्या प्रकारातली १४ किलोची सीट घेतली. भाचा आज ११ किलोचा आहे, म्हणजे अजून आठ किलोंची सोय. आजीला एकच खूण शिकवली: खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला तर आणखी ओढायचा. जाड स्वेटर काढून ओढायचा.

"पाय कुठे ठेवणार ग तो?" हा आजीचा आक्षेप मात्र टिकून होता. पहिल्या लांबच्या फेरीत तो झोपल्यावर ताईने गाडी थांबवून मागे डोकावून फोटो पाठवला. डोकं दोन्ही कानांच्या मध्ये, आणि एक पाय आरामात मागच्या सीटच्या पाठीवर चढवलेला.