गॅस गळती दुरुस्ती सेवा: रेग्युलेटरपर्यंत कंपनीचं, नळीपासून पुढे आपलं

घरगुती गॅसची गळती काढून देणारी सेवा आपल्याकडे तीन जागी मिळते. १९०६ हा आपत्कालीन क्रमांक, आपलं कनेक्शन ज्या एजन्सीचं आहे तिचा मेकॅनिक, आणि बाजारातला शेगडी दुरुस्तीवाला. तिघांची कामं वेगळी आहेत आणि पैशाचा हिशोबही वेगळा. टाकी, टाकीचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर या वस्तू कंपनीच्या. आपण अनामत भरून त्या वापरतो. तिथे गळती असेल आणि आपण काही मोडतोड केलेली नसेल, तर दुरुस्तीचा एक रुपयाही लागत नाही. रेग्युलेटरच्या तोंडाला जिथे नळी चढते, तिथून पुढचं सगळं आपलं: नळी, शेगडी, शेगडीचे कॉक. ही सीमारेषा ठाऊक नसली की फुकटच्या वायसरला पैसे दिले जातात आणि मुदत संपलेली नळी मात्र तशीच लोंबत राहते.

म्हणून आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं, पैशाचं बोलणं नंतर. पण वासाने घर भरलं असेल तर शोधत बसू नका. शेगडीचे सगळे कॉक बंद, रेग्युलेटर बंद, तो काढून टाकीला दोऱ्याने बांधलेली प्लास्टिकची टोपी व्हॉल्व्हवर घट्ट बसवा. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. विजेचं कुठलंही बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत पसरतो. त्यामुळे नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारं उघडावी लागतात. फोन अंगणात किंवा रस्त्यावर येऊन करायचा.

वास सौम्य असेल, घर मोकळं झालं असेल, तर साबणाचं पाणी पुरेसं आहे. वाटीत कपड्याचा साबण दाट फेस येईल इतका कालवा. रेग्युलेटर काढलेला असताना व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे दोन-चार थेंब सोडा. बुडबुडे आले तर आतली पिन नीट बसत नाही, म्हणजे व्हॉल्व्हच खराब. ही टाकी घरात ठेवायची नाही. टोपी लावा, उघड्यावर सावलीत उभी करा आणि एजन्सीकडून बदलून घ्या. ती आडवी कधीच ठेवू नये. बुडबुडे आले नाहीत तर रेग्युलेटर बसवा, चालू करा, शेगडी बंदच ठेवा आणि रेग्युलेटर-व्हॉल्व्हच्या सांध्यावर फेस लावा. इथे बुडबुडे फुगले तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या आतलं काळं रबरी वायसर फाटलेलं, दबलेलं किंवा गायबच असतं. नव्या टाकीत दिसणाऱ्या गळतीत हे वायसर वारंवार सापडतं. ते बदलणं मेकॅनिकचं दोन मिनिटांचं काम आहे, आणि फुकट आहे. बाजारातलं वायसर आणून पिनने खोचू नका. मापात किंचित फरक असला तरी गळती वाढते.

सांधा कोरडा निघाला तर रेग्युलेटरच्या अंगावर, मग नळीच्या दोन्ही टोकांवर, मग नळीभर, शेवटी शेगडीच्या प्रत्येक कॉकच्या मुळाशी फेस लावत जा. काडी पेटवून गळती शोधायची सवय अजूनही दिसते. ती सवय घरातल्या थोरामोठ्यांची असली तरी मोडाच.

आता एजन्सीच्या सेवेबद्दल. गळतीच्या तक्रारीवर मेकॅनिक घरी आला तर भेटीचे पैसे नसतात. शेगडी दुरुस्तीला बोलावलं तर असतात, आणि त्याचे दर एजन्सीच्या कार्यालयात लावलेले असायला हवेत. रेग्युलेटर आपोआप खराब झाला असेल तर बदलून मिळतो, पण तो तुमच्याच कनेक्शनवर दिलेला असला पाहिजे: त्यावर कोरलेला क्रमांक कनेक्शनच्या पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवून पाहतात. जळलेला, फोडलेला, उघडून पाहिलेला असेल तर पैसे पडतात. हरवला तर पोलिसांत तक्रार आणि नव्याने रक्कम. रेग्युलेटरची अनामत जून २०२२ पासून २५० रुपये आणि १४.२ किलोच्या टाकीची २,२०० रुपये झाली. जुन्या ग्राहकाने भरलेली रक्कम वेगळी असू शकते, म्हणून ती पावती जपून ठेवा. आठवडी बाजारातून आणलेल्या रेग्युलेटरची जबाबदारी मात्र कुणीच घेत नाही.

नळीच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: इथे पैसे वाचवू नका. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्या. तिच्यावर भारतीय मानक ९५७३ आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं, आयुष्य पाच वर्षं. किंमत दोनशे रुपयांच्या आतबाहेर, दीड मीटरची घेतली की पुरते. जुनी हिरवी किंवा काळी रबरी नळी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, फार लवकर कडक होते. टोकाला वाकवून पाहा, बारीक चिरा दिसतील. उंदीर हा दुसरा शत्रू. तारेच्या जाळीपुढे त्याचं फारसं चालत नाही. बसवताना टोक कोमट पाण्यात बुडवून नोझलवर शेवटपर्यंत ढकला. अर्धवट चढलेली नळी आज गळत नाही, पण जड भांडं ओढताना शेगडी सरकली की निसटते. नळीला मध्ये जोड नको, भिंतीतून आरपार नेणं नको आणि शेगडीच्या मागून, आचेजवळून वळवणंही नको.

पैशाचा सगळ्यात जास्त घोळ होतो तो तपासणीच्या नावावर. पाच वर्षांतून एकदा होणाऱ्या सक्तीच्या तपासणीचं शुल्क २०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६ रुपये. हे तपासणीचे पैसे आहेत, गळती दुरुस्तीचे नव्हेत. गळतीची तक्रार केली आणि मेकॅनिकने २३६ मागितले, तर आपल्या कनेक्शनची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा आणि पावती मागा. गळ्यात ओळखपत्र अडकवून गावोगाव फिरणारे आणि "ताई, कंपनीकडून आलो, नळी बदलावीच लागते" म्हणणारे लोक वेगळे. त्यांना दारात थांबवून एजन्सीला फोन लावा. एजन्सीने नाव ओळखलं नाही तर आत घेऊ नका. शेगडी एजन्सीकडूनच घेतली पाहिजे असाही नियम नाही. आयएसआय चिन्ह असलेली कुठलीही चालते.

शेगडीचं काम बाजारातला कारागीर बरेचदा एजन्सीपेक्षा चांगलं करतो. कॉकमधून गळती येते कारण आतलं ग्रीस आचेने सुकतं, किंवा दूध उतू जाऊन खारट थर बसतो. चांगला कारागीर कॉक उघडतो, आतला पितळी खुंटा रॉकेलने पुसतो, उष्णता सोसणारं ग्रीस बोटाच्या टोकाने पातळ लावतो आणि गॅसचं छिद्र मोकळं ठेवून परत बसवतो. ग्रीस जास्त झालं की छिद्र बुजतं आणि ज्योत बारीक होते. खुंट्यावर ओरखडे असतील तर ग्रीस लावून महिनाभरही निभत नाही, अख्खा कॉक बदलावा लागतो. भाव आधी ठरवा, जुना कॉक परत मागा, आणि तुमच्यासमोर फेस लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मात्र या कारागिराला टाकीच्या व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका. ते त्याचं काम नव्हे.

भाड्याच्या घरात प्रश्न अवघड होतो. लातूरला किंवा संभाजीनगरला शिकणाऱ्या मुलांच्या खोल्यांत टाकी घरमालकाच्या नावाची, शेगडी आधीच्या भाडेकरूची आणि नळी कुणाची तेच माहीत नाही, असं सर्रास असतं. टाकी-रेग्युलेटरची तक्रार ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या ग्राहक क्रमांकावर जाते. नळी आणि शेगडीचा खर्च कुणाचा, हे भाडेकरारात एका ओळीत लिहून घ्या. सामान घरमालकाने दिलं असेल तर खर्च घरमालकाकडे असणं रास्त. त्यापेक्षा मुलांनी स्वतःच्या ओळखपत्रावर पाच किलोची छोटी टाकी घ्यावी, हे बरं. खानावळीत लाल घरगुती टाकी वापरणं बेकायदेशीर आहे, तिथे व्यावसायिक टाकीच हवी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक सूचना. बीड, धाराशिवकडची कुटुंबं दिवाळीनंतर घर बंद करून जातात. निघताना रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि नळीही काढून डब्यात ठेवा. परत आल्यावर पहिली पेटवणी फेस लावून पाहिल्यावरच. उज्ज्वलाच्या कनेक्शनला पहिली नळी योजनेतून मिळते. पाच वर्षांनी ती बदलण्याचा खर्च घरावरच येतो.

विम्याची माहिती एजन्सी आपणहून क्वचित देते. तेल कंपन्या सर्व नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा उतरवतात, ग्राहकाला हप्ता नाही. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख; उपचारांसाठी माणशी कमाल २ लाख आणि एका घटनेला ३० लाखांपर्यंत; नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला कमाल २ लाख. मालमत्तेची भरपाई त्या पत्त्याला चिकटलेली आहे, म्हणून घर बदललं की पत्ता बदलून घ्या. घटना घडताच एजन्सीला लेखी कळवा, पोहोच घ्या. पुढे विमा कंपनीकडे पाठपुरावा तेल कंपनी करते.

१९०६ या सेवेला आम्ही चांगलं म्हणू. जानेवारी २०१६ पासून ती चालते, तिन्ही सरकारी कंपन्यांसाठी एकच क्रमांक आहे, रात्रीही लागतो. एजन्सीचा फोन उचलला जात नसेल तर वेळ न घालवता हाच लावा. ग्राहक क्रमांक, एजन्सीचं नाव आणि गळती कुठून येते ते सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. कमी पडते ती शेवटची वाट: फोनवर तक्रार लगेच नोंदते, पण यायचं असतं एजन्सीच्या माणसालाच, आणि तालुक्यापासून लांबच्या वाडी-तांड्यावर त्याला वेळ लागतो. म्हणून टोपी प्रत्येक टाकीला शाबूत आहे का, हे टाकी उतरवून घेतानाच पाहा. वजन आणि गळती तपासून देणं हे टाकी आणणाऱ्याचं कामच आहे. त्याला घाई असली तरी थांबवा.

पाइपच्या गॅसला हा क्रमांक चालत नाही. तिथे बिलावर छापलेला कंपनीचा आपत्कालीन क्रमांक लावायचा, आणि सीमारेषा साधारणपणे मीटर असते. मीटरनंतरच्या जोडणीचं काय ते आपल्या करारात वाचून घ्या.

फुकटच्या कामाचे पैसे घेतले गेले तर पावतीची प्रत जोडून एजन्सीला आणि तेल कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी अर्ज द्या. पावतीच दिली नसेल तर तारीख, वेळ, मेकॅनिकचं नाव आणि तक्रार क्रमांक लिहा. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर त्याची नोंद पुरावा ठरते. उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.