पुण्यात पहिली नोकरी: पेट-सीटी की गॅमा कॅमेरा?

अंगात किरणोत्सर्गी औषध टोचून स्कॅन काढायचं काम शिकलेल्यांपुढे पुण्यात या दोन वाटा असतात. डीएमआरआयटी हा डिप्लोमा केलेला असो वा न्यूक्लिअर मेडिसिनमधली एमएस्सी, पात्रता दोन्हीकडे चालते. पेटमध्ये पगार बरा मिळतो म्हणतात, शिवाय कॅन्सरचं काम वाढतंच आहे. तेवढ्यासाठी कुणी तिकडे गेलं तर चुकलं असं म्हणवत नाही.

माझा कल ठरला तो एफडीजीच्या, म्हणजे पेटसाठी टोचायच्या किरणोत्सर्गी साखरेच्या गाडीवरून. डोस मुंबईहून येत असेल तर आपला दिवस बोरघाटातली वाहतूक ठरवते. तिच्यातल्या एफ-१८ या किरणोत्सर्गी फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, तेवढ्यात तो निम्मा होतो. ९ वाजताचे ४० मिलीक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) १० वाजेपर्यंत २७ वर येतात. ८-८ मिलीक्युरी अर्ध्या अर्ध्या तासाने टोचले, तर तिसऱ्या पेशंटच्या वाट्याला पावणेसातच उरतात. चौथा सहा तास उपाशी, त्यातून मधुमेही. त्याची समजूत आपणच काढायची. याच घाईत औषध शिरेबाहेर गेलं की त्याच हाताच्या काखेतली गाठ उजळते आणि ती कॅन्सरची की काय, या विचारात डॉक्टर पडतात.

गॅमा कॅमेऱ्याला लागणारं किरणोत्सर्गी टेक्निशियम मॉलिब्डेनमपासून मिळवून देणारा जनरेटर आपल्याच हॉट लॅबमध्ये (किरणोत्सर्गी औषधं तयार करायच्या खोलीत) असतो. सकाळी एका बाजूला सलाईनची वायल (छोटी बाटली), दुसऱ्या बाजूला निर्वात वायल, की टेक्निशियम हातात. त्याचं अर्धायुष्य ६ तास; भोरहून येणाऱ्या पेशंटची एसटी तासभर चुकली तरी ११ टक्केच जातात. काम मात्र इथे जास्त निगुतीचं. सोबत उतरलेलं मॉलिब्डेनम दर मिलीक्युरी टेक्निशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीच्या आत हवं, हे टोचण्याआधी तपासायचं. टेक्निशियम ज्यात मिसळायचं त्या औषधाच्या किटच्या वायलमध्ये हवा शिरली की आतलं स्टॅनस (टेक्निशियम औषधाला जोडायला लागणारं कथिल) ऑक्सिडाइझ होतं, टेक्निशियम मोकळं राहतं आणि बोन स्कॅनमध्ये थायरॉइड आणि पोट दिसायला लागतं. असा स्कॅन पाहून दोष किटचा की आपल्या हाताचा हे ओळखता येणं, मला वाटतं, हीच खरी शिकवणी. पेटमध्ये डोस तयार येतो, तिथे ही संधी कमी.

किरणोत्सर्गाचंही पाहा. टेक्निशियमचे १४० केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) किरण निम्मे करायला शिशाचा पाव मिलिमीटर पुरतो, पेटच्या ५११ केईव्हीला चार-पाच मिलिमीटर लागतं. पेटमध्ये बोटातल्या टीएलडीचा (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या अंगठीचा) आकडा मी तरी आधी वाचेन.

गॅमातही आठवडा उतरत जातो. शुक्रवारी जनरेटर सोमवारच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो, म्हणून २० मिलीक्युरीचे बोन स्कॅन मंगळवारपर्यंत उरकलेले बरे. मुलाखतीत मात्र एक नक्की विचारा: एफडीजी कुठून येतं, आणि दुसरी खेप असते का?