स्टाउफर टी४११० स्टेप वेज: स्कॅनरच्या डीमॅक्सची खरी परीक्षा घेणारी पट्टी

फिल्म स्कॅनर घेताना सगळ्यांची नजर डीमॅक्सच्या, म्हणजे स्कॅनर किती गडद भागापर्यंत पाहू शकतो त्याच्या, आकड्यावर जाते. एप्सन व्ही६००च्या माहितीपत्रकात ३.४, व्ही८५०च्या ४.०, निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९०००च्या ४.८. यातला ४.८ जरा निरखून पाहा. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या बसतात आणि त्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगरिदम ४.८ च येतो. बिट किती आहेत यावरून निघणारी ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. दाट स्लाइडमधून सेन्सरपर्यंत खरोखर किती प्रकाश पोचतो आणि त्यातला किती नॉइजमध्ये (सेन्सरच्या विस्कळीत चढउतारात) बुडतो, हे तिच्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी स्कॅनरसमोर घनता, म्हणजे ती किती प्रकाश अडवते, आधीच माहीत असलेली वस्तू ठेवावी लागते.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या मिशावाका इथल्या स्टाउफर कंपनीची टी४११० ही तशी वस्तू. फिल्मची एक लांब पट्टी, तिच्यावर जवळजवळ पारदर्शकापासून गडद काळ्यापर्यंत ४१ पायऱ्या. पहिल्या पायरीची घनता ०.०५ आणि पुढे प्रत्येक पायरीला ०.१० ची वाढ, म्हणजे शेवटची पायरी ४.०५. घनता ३ म्हणजे प्रकाशाचा हजारावा भाग पार जातो, ४ म्हणजे दहा हजारावा. कॅमेऱ्याच्या भाषेत ०.३० म्हणजे एक स्टॉप (प्रकाश निम्मा), तेव्हा ही पट्टी साधारण १३ स्टॉपचा पल्ला गाठते. घरगुती किंवा छोट्या स्टुडिओतल्या कुठल्याही फ्लॅटबेडची (सपाट काचेच्या स्कॅनरची) परीक्षा घ्यायला एवढा पल्ला पुरतो.

त्याच कंपनीची टी२११५ लहान आहे: २१ पायऱ्या, ०.१५ चं अंतर, ३.०५ पर्यंत. फक्त कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्याला तीही चालेल, कारण नीट डेव्हलप केलेल्या निगेटिव्हची घनता क्वचितच २ च्या फार वर जाते. आजोबांच्या काळातल्या उटीच्या ‘इंदू’ फिल्मचे निगेटिव्ह एवढंच काम असेल, तर ४ पर्यंत मोजण्याची गरज नाही. रंगीत स्लाइड आल्या की मात्र गोष्ट बदलते. स्लाइडमधल्या गडद सावल्या ३.५ च्याही पुढे जातात, आणि ३.०५ ला संपणाऱ्या पट्टीवर स्कॅनर कुठे हात टेकतो ते दिसतच नाही.

आयटी८ हा रंग जुळवण्याचा चार्ट आधीच घरात असेल, तर त्याच्या तळाशीही राखाडी पायऱ्या असतात. पण तो चार्ट प्रत्यक्ष स्लाइड फिल्मवर छापलेला असतो, त्यामुळे त्या फिल्मच्या कमाल घनतेपलीकडे तो जाऊ शकत नाही. रंगांचं प्रोफाइल बनवायला तो उत्तम. डायनॅमिक रेंज, म्हणजे उजळ ते गडद हा पल्ला, मोजायला अपुरा.

टी४११० दोन प्रकारांत मिळते. साध्या पट्टीवर वर सांगितलेल्या ठरीव घनता गृहीत धराव्या लागतात. ‘सी’ अक्षराच्या पट्टीसोबत प्रत्येक पायरीची डेन्सिटोमीटरवर (घनता मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेली घनता लिहून येते. दुसरी महाग आहे, तरी दोन स्कॅनरची तुलना करणार असाल किंवा आकडे कुणाला दाखवणार असाल तर तीच घ्यावी. एकाच स्कॅनरच्या दोन सेटिंग्ज ताडून पाहायच्या असतील तर साधी पुरे, कारण पट्टीची चूक दोन्ही वेळी सारखीच राहते. मागवण्याआधी पट्टीची लांबी आणि आपल्या स्कॅनरच्या फिल्म खिडकीची लांबी ताडून घ्या. ३५ मिमीच्या समर्पित फिल्म स्कॅनरच्या होल्डरमध्ये ही पट्टी बसत नाही, आणि ती कापून बसवणं म्हणजे तिचा नाश.

आता वापराबद्दल, कारण पट्टी कितीही चांगली असली तरी चुका स्कॅन करतानाच होतात.

स्कॅन १६ बिट प्रति चॅनेल, गॅमा १.० (लिनिअर, म्हणजे पातळ्या थेट प्रकाशाच्या प्रमाणात), टिफ फाइल. ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, धूळ काढणं, ग्रेन कमी करणं, रंगदुरुस्ती, सगळं बंद. इन्फ्रारेडने धूळ काढणारं डिजिटल आइस तर हमखास बंद हवं; पट्टीवर चांदीचे कण आहेत आणि इन्फ्रारेड त्यांना धूळच समजतं. व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रॉ फाइल: ती लिनिअर असते आणि तिला कुठलीही दुरुस्ती लागलेली नसते. एप्सन स्कॅनमध्ये रंगाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नो कलर करेक्शन’ निवडा. जेपीईजी वापरू नका. ८ बिटच्या २५६ पातळ्यांत खालच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात.

पट्टी ठेवताना फ्लॅटबेडच्या काचेवरचा कॅलिब्रेशनचा भाग मोकळा आणि स्वच्छ राहिला पाहिजे. फिल्म मोडमध्ये स्कॅनर आधी तो भाग वाचून स्वतःला जुळवतो. एप्सनच्या होल्डरमध्ये त्यासाठी वेगळी खाच असते. तिथे पट्टीचं टोक, काळा कागद किंवा धुळीचा एक कण आला की संपूर्ण स्कॅनभर उभी रेघ उमटते किंवा उजेडाची पातळीच चुकते. बाकी पट्टीच्या चारही बाजूंना मात्र काळा जाड कागद हवाच. कडेने उघडा प्रकाश आत शिरला तर गडद पायऱ्या फिकट दिसतात. काचेला पट्टी चिकटून न्यूटन रिंग्ज (रंगीत वलयं) दिसल्या तर होल्डरमध्ये उचलून धरा. मोजमापाला पायरी रेखीव दिसण्याची गरज नाही, थोडा फोकस गेला तरी चालतो.

ज्या रिझोल्यूशनवर रोजचं काम करता त्याच रिझोल्यूशनवर मोजा. २४०० ऐवजी ६०० डीपीआयवर स्कॅन केलं, तर अनेक ठिकाणी पिक्सेलची सरासरी निघते, नॉइज कमी दिसतो आणि आकडा उगाच फुगतो. रिझोल्यूशन न सांगता दिलेल्या डायनॅमिक रेंजला काहीच अर्थ नाही.

मोजायला इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ‘अ‍ॅनलाइझ’ मेन्यूत ‘सेट मेजरमेंट्स’मध्ये मीन (सरासरी) आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (विचलन) या दोन खुणा करा. रंगीत स्कॅन असेल तर लाल, हिरवा आणि निळा चॅनेल वेगळे करून प्रत्येक मोजा, कारण तिघांची रेंज सारखी नसते. प्रत्येक पायरीच्या मध्यावर, कडा टाळून, साधारण १०० × १०० पिक्सेलचा चौकोन घ्या, ‘आरओआय मॅनेजर’मध्ये जमा करा आणि सगळे एकदम मोजा. ४१ सरासऱ्या आणि ४१ विचलनं मिळतात.

यातल्या विचलनात स्कॅनरचा नॉइज असतो, तसाच पट्टीचा ग्रेन आणि धूळही. ते वेगळं काढण्यासाठी पट्टी न हलवता लागोपाठ दोन स्कॅन घ्या, ‘इमेज कॅल्क्युलेटर’मध्ये ३२ बिट फ्लोटची खूण करून एकातून दुसरा वजा करा आणि त्या फरकाचं विचलन १.४१४ ने भागा. ग्रेन आणि धूळ दोन्ही स्कॅनमध्ये एकाच जागी असल्याने कटतात. उरतो तो यंत्राचा नॉइज.

इथपर्यंत बहुतेक जण बरोबर येतात आणि पुढे घसरतात. ते सरासरीला विचलनाने भागतात, उत्तर १ च्या वर आलं की पायरी ‘दिसली’ म्हणतात. समजा, पट्टी नसताना उघड्या प्रकाशाची सरासरी ६०,००० आहे. मग ३.९५ घनतेच्या ४० व्या पायरीवर खरा सिग्नल जेमतेम ६.७ हवा. पण काच, भिंग आणि आरसे यांच्यात भटकणाऱ्या प्रकाशाने, म्हणजे फ्लेअरने, सगळीकडे ४० ची भर घातली असेल तर सरासरी ४६.७ येते. विचलन ८ धरलं तर गुणोत्तर ५.८, आणि स्कॅनर ४ च्याही पुढे पाहतो असा आनंद होतो. प्रत्यक्षात त्या ४६.७ मधले ४० फिल्मबद्दल काहीही सांगत नाहीत. खरं गुणोत्तर ६.७ भागिले ८, म्हणजे ०.८४. पायरी नॉइजमध्ये बुडालेली आहे.

म्हणून सरासरी वापरायची नाही, शेजारच्या पायऱ्यांमधला फरक वापरायचा. फ्लेअर शेजारच्या पायऱ्यांवर जवळजवळ सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो. आधीच्या पायरीच्या सरासरीतून नंतरच्या पायरीची सरासरी वजा करा आणि २.१५ ने गुणा. मधल्या पायरीचा खरा सिग्नल मिळतो. हा २.१५ पायऱ्यांमधल्या ०.१० च्या अंतरातून येतो. टी२११५ वापरत असाल तर १.४२ घ्या. वरच्याच उदाहरणात ३६ व्या पायरीच्या (३.५५) अलीकडे-पलीकडे फ्लेअर वगळून २१.३ आणि १३.४ येतात. फरक ७.९, गुणिले २.१५ म्हणजे सुमारे १७. भागिले ८ म्हणजे २.१. ही पायरी अजून हाताशी आहे.

स्कॅनरच्या डायनॅमिक रेंजसाठी आयएसओ २१५५० हे मानक २००४ मध्ये आलं. तेही नुसत्या सरासरीवर न थांबता सिग्नलच्या वाढीवर आधारलेलं गुणोत्तर पाहतं आणि ते १ वर येईल तिथे रेंजची खालची हद्द मानतं. पण गुणोत्तर १ म्हणजे सिग्नल आणि नॉइज सारखेच. त्या सावलीतला फोटो पाहण्यालायक नसतो. आमच्या मते १ आणि १० असे दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. नॉइज सगळीकडे ८ धरला तर या उदाहरणात पहिला सुमारे ३.९ आणि दुसरा २.९ येतो. जाहिरातीत छापण्याजोगा पहिला आहे, स्लाइड स्कॅन करणाऱ्याच्या उपयोगाचा दुसरा.

फ्लेअर किती, हेही याच पट्टीवर कळतं. गडद टोक स्कॅन करा, मग पट्टीचं फिकट टोक काळ्या कागदाने झाकून, एक्स्पोजर न बदलता पुन्हा स्कॅन करा. गडद पायऱ्यांची सरासरी जितकी खाली आली तितका प्रकाश त्या टोकाकडून भटकत येत होता. ही चाचणी फार मोलाची आहे. स्लाइडमध्ये उजळ आकाशाखालची काळी झाडं करडी का येतात, याचं कारण बहुतेकदा इथेच सापडतं, आणि त्यावर कर्व्ह ओढून इलाज होत नाही.

उलट प्रकारची फसवणूकही होते. काही ड्रायव्हर काळ्याची पातळी जास्तच वजा करतात, आणि शेवटच्या पायऱ्यांची सरासरी शून्य, विचलनही शून्य येतं. नॉइज नाही म्हणून स्कॅनर छान, असा अर्थ काढू नका. तिथली माहिती कापली गेली आहे. दुसऱ्या टोकालाही लक्ष द्या: उघडा प्रकाश ६५,५३५ ला टेकला असेल तर एक्स्पोजर कमी करून सगळं परत. पायऱ्यांच्या कडा पुसट पण आतला भाग गुळगुळीत दिसला, तर कुठेतरी नॉइज कमी करणारं सेटिंग चालू राहिलं आहे.

पट्टीची खरी किंमत वसूल होते ती सॉफ्टवेअरचे दावे तपासताना. मल्टिसॅम्पलिंगमध्ये प्रत्येक ओळ ४ वेळा वाचली तर नॉइज निम्मा होतो आणि रेंज ०.३० ने, म्हणजे एका स्टॉपने वाढायला हवी. १६ वेळा वाचल्यास ०.६०. तेवढी वाढ मिळाली नाही, तर उरलेला नॉइज ठरावीक जागी बसणारा आहे, तो सरासरीने जात नाही. व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट यांचं मल्टिएक्स्पोजर वेगळं: एक स्कॅन नेहमीचा, दुसरा सावल्यांसाठी जास्त प्रकाशाचा. त्यात पायऱ्यांच्या कडांवर दुहेरी रेघ दिसली तर दोन स्कॅन एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. अशा वेळी मिळालेली रेंज तपशील गमावून मिळाली आहे. आणि दोन्ही युक्त्या फ्लेअर कमी करत नाहीत.

पट्टीची एक मर्यादा आहे, ती तिच्या चांदीची. चांदीचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून एका दिशेने येणाऱ्या प्रकाशात पट्टी तिच्यावर लिहिलेल्या घनतेपेक्षा दाट वाटते. हाच कॅलिअर परिणाम. स्लाइडमधले रंग असे विखुरत नाहीत, त्यामुळे एकाग्र प्रकाशाच्या फिल्म स्कॅनरला ही पट्टी त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा थोडे कमी गुण देऊ शकते. सिग्नलचा लॉगरिदम आणि घनता यांचा आलेख काढा. उतार उणे १ च्या जवळ असेल तर काळजी नाही. त्याहून तीव्र असेल तर स्लाइडसाठीचा आकडा यापेक्षा बरा असणार. फ्लॅटबेडचा प्रकाश बराचसा पसरट असल्याने तिथे हा प्रश्न सौम्य आहे.

पट्टी नेहमी कडेला धरा, सुती हातमोजे घाला, ब्लोअरने धूळ उडवा, द्रव लावू नका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पाकिटासोबत बंद डब्यात ठेवा. बुरशी लागली की तिच्या घनता बदलल्याच. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. दोन-तीन जणांनी मिळून एक घेतली तरी काम भागतं, कारण ती वर्षातून दोनदाच लागते: नवा स्कॅनर किंवा नवं सॉफ्टवेअर आल्यावर, आणि जुन्या फ्लॅटबेडच्या काचेला आतून धुरकट थर चढल्याची शंका आली तेव्हा. आधीची टिफ आणि आकड्यांचा तक्ता जपून ठेवलेला असेल, तर झाकलेल्या आणि उघड्या टोकाच्या स्कॅनमधला फरक वाढल्याचं लगेच दिसतं, आणि मग काच उघडून आतून पुसण्याची वेळ झाली हे कळतं.